छपराचे दोन भाव

छप्पर म्हणजे माणसाने आकाशाशी केलेला सर्वात जुना करार. रत्नागिरीजवळ शिरगावात दत्तात्रेय जोगळेकरांच्या घरी हा करार सात मे रोजी दुपारी पावणेतीन वाजता मोडला. वावटळ आली, फणसाची फांदी कौलांवर पडली आणि आढं मधोमध खचलं. खाली कोणी नव्हतं. पेंढ्यावर पिकत घातलेले पाच डझन हापूस तेवढे गेले.

कॉन्ट्रॅक्टर महिपत दुसऱ्या दिवशी आला. त्याने वर न पाहता आधी दत्तात्रेयांकडे पाहिलं.

"इन्शुरन्सचा हाय का घरचा, भाऊ?"

"म्हणजे?"

"नाय, घराचा विमा उतरवलाव काय?"

"उतरवलाय. पण छप्पर तेच ना?"

"छप्पर त्याच. भाव दोन. घरचा एक सत्तर, इन्शुरन्सचा तीन दहा."

दुसरा कोणी भडकला असता. दत्तात्रेयांची तीस वर्षं वजनमापे खात्यात तराजू तपासण्यात गेली होती. एकाच वस्तूची दोन वजनं दिसली की त्यांना राग येत नसे, कुतूहल वाटे.

"मधले एक लाख चाळीस हजार कोणाला जातात?"

"कोणालाच नाय. सर्व्हेवाले कापतात, म्हणून आमी वाढवतो."

"आणि तुला काय सुटतं?"

"आता ता काय सांगू, भाऊ? पोटापुरता," म्हणत महिपतने टेप काढली.

दोन दिवसांनी विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. सलिल नावाचा सभ्य तरुण होता. त्याने फोटो काढले, सरबत घेतलं आणि दत्तात्रेयांच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं.

"कॉन्ट्रॅक्टर वाढवतात, म्हणून आम्ही कापतो, काका."

"किती?"

"पंचेचाळीस टक्के. साधारण."

दत्तात्रेयांनी कॅलेंडरच्या मागे गणित केलं. तीन दहातून पंचेचाळीस टक्के गेले की उरतात एक लाख सत्तर हजार पाचशे.

"सलिलराव, तुमची नि महिपतची ओळख आहे?"

"छे! तोंडसुद्धा पाहिलेलं नाही."

दत्तात्रेय थक्क झाले. एकमेकांना न पाहिलेली दोन माणसं विरुद्ध बाजूंनी निघून पाचशे रुपयांच्या अंतरावर भेटत होती. इतका अचूक काटा त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिला नव्हता.

"आणि हे वरचे पाचशे?"

"झेरॉक्सचे असतील," सलिल म्हणाला.

इथे थांबायला हरकत नव्हती. त्यांच्या पत्नी योगिनीबाईंनी तसं सुचवलंही. "अहो, तीन दहाच लिहा. ते कापतील, आपल्याला एक सत्तर मिळतील. सगळ्यांना ठाऊक आहे."

"सगळ्यांना ठाऊक आहे, तर मग खोटं लिहायचं कोणासाठी?"

यावर योगिनीबाई आत गेल्या. उत्तर नव्हतं म्हणून नव्हे, चाळीस वर्षांचा अनुभव होता म्हणून.

महिपतला खरं अंदाजपत्रक लिहायला दोन चहा लागले. "खरा आकडा इन्शुरन्सला कधी लिवलेला नाय, भाऊ. हात चालत नाय." शेवटी त्याने डोळे मिटल्यासारखे करून एक सत्तर लिहिले. कागद पाहून सलिलचा चेहरा उतरला.

"काका, यात मी काय कापू?"

"काहीच नका कापू."

"न कापलेला रिपोर्ट वर गेला तर विचारतील, कॉन्ट्रॅक्टरकडून काय घेतलंस म्हणून!"

तरी त्याने रिपोर्ट पाठवला. अकरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं: 'सदर अंदाजपत्रक संशयास्पदरीत्या वाजवी आहे. खुलासा करावा.' दत्तात्रेयांनी खुलासा केला. कौलांऐवजी घालायच्या पत्र्याचा भाव, लोखंडी पाइपांचं वजन, मजुरांचे दिवस, नटबोल्टांची संख्या, सगळं चार पानांत. उलट पत्र आलं: 'इतकी माहिती सामान्य विमाधारकाकडे नसते. ती कोठून मिळाली?'

"मृग अकरा दिवसांवर आला, डोक्यावर ताडपत्री आहे आणि तुम्ही नटबोल्ट मोजताय!" योगिनीबाईंनी स्वतः महिपतला फोन लावला आणि गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली एफडी मोडली. "विम्याचे आले की परत ठेवू," त्या म्हणाल्या आणि भिंतीला धरून उठल्या.

सहा दिवसांत लोखंडी पाइपांवर लाल पत्रा चढला. खाली उतरवलेले वासे, रिपा, कौलं, सगळी अडगळ महिपतने स्वतःच्या टेम्पोने उचलली. भाड्याचं नावसुद्धा काढलं नाही. योगिनीबाईंनी त्याला दोन बरके फणस दिले.

जुलैत क्लेम मंजूर झाला. त्र्याण्णव हजार पाचशे.

दत्तात्रेयांनी सलिलला फोन केला. "पंचेचाळीस टक्के कापलेत?"

"मी नाही काका, वरच्यांनी. त्यांना वाटलं, मी कापायला विसरलो."

"गुडघापण पंचावन्न टक्केच करून देतात का, विचारा त्याला," योगिनीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

दत्तात्रेयांना अपराधी वाटू लागलं, आणि नुसतं बायकोविषयी नव्हे. त्यांनी सगळ्या पावत्या पुन्हा जुळवल्या. पत्रा, पाइप, मजुरी धरून महिपतचा खर्च एक लाख सहासष्ट हजार दोनशे झाला होता. आपल्या सचोटीपायी त्या गरिबाला तीन हजार आठशे सुटले, तेही महिनाभर खेपा घालून! त्यांनी पाकिटात पाच हजार घातले आणि कुवारबावला महिपतच्या आवारात गेले.

तिथे ट्रक उभा होता. पुण्याचे एक गृहस्थ टेप लावून वासे मोजत होते आणि दोन माणसं ते गोधडीत गुंडाळून ट्रकमध्ये चढवत होती.

"या भाऊ, या!" महिपत मोकळेपणाने म्हणाला. "ह्ये रिसॉर्ट बांधतायत. जुना लाकूड होवा त्यांना."

"हे आमचे वासे ना रे?"

"व्हय तर. तुमच्या बाबांनी साग निवडून घेतलेला. एकाला कीड नाय."

"किती सुटले?"

या वेळी महिपतने आढेवेढे घेतले नाहीत. "दोन लाख दहा. कौलांचे येगळे."

गुडघ्याच्या ऑपरेशनला हॉस्पिटलने दोन लाख आठ हजार सांगितले होते.