कार्ड संपवण्याची रीत

बाळकृष्ण सोमण यांची प्रकृती उत्तम होती, आणि सौदीतल्या धाहरानच्या मराठी मंडळींत त्याबद्दल हळहळ व्यक्त होत असे. तेलकंपनीत इंजिनियर म्हणून उमेदीची सगळी वर्षं गेली, कंपनीनं वैद्यकीय विम्याचं कार्ड दिलं, आणि या गृहस्थानं ते खिशातून बाहेरसुद्धा काढलं नाही. आता निवृत्त होऊन नाशिकला परतायचं होतं. कायमच्या परतीची फायनल एक्झिट लागली की इकामा, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, संपतो, आणि त्याच्याबरोबर कार्डही खलास.

शेजारच्या शोभनाताईंनी त्यांना इथली रीत समजावली. देशात परतताना माणूस फ्रीज रिकामा करतो, लोणच्याची बरणी संपवतो, तसंच कार्डही संपवायचं असतं. सोमणांनी बायकोलाही चल म्हटलं. शीलाताई जिना चढताना कठड्याला लोंबकळत असत. पण मला काही झालेलं नाही, असं सांगून त्या घरीच राहिल्या. सोमण एकटेच जवळच्या खोबर शहरातल्या एका रुग्णालयात गेले आणि डोक्यापासून सुरुवात केली.

शोधलं की सापडतं. डॉक्टर प्रामाणिक होते. आपल्या वाट्याच्या अवयवात काहीतरी काढल्याशिवाय त्यांनी सोमणांना सोडलं नाही. कानात किंचित शिट्टी, साखर काठावर, यकृतावर थोडी चरबी. प्रत्येक जण शेवटी "माफी मुश्किला" म्हणे, म्हणजे काळजीचं कारण नाही, आणि ते खरंही होतं. सोमणांना मात्र दर अहवालागणिक कार्ड वसूल झाल्याचं समाधान मिळे. तपासणी वरून खाली येत डाव्या पायाच्या अंगठ्याशी पोहोचली, तोच एक्झिट लागली आणि कार्ड बंद झालं.

आता भारतातला विमा. तो शीलाताईंचा भाचा इंद्रनील नाशिकहून काढून देणार होता. सोमणांना परतण्याची एकच भीती होती: विम्याशिवाय एखादं दुखणं आलं, तर वाळवंटात जमवलेली पुंजी एका ऑपरेशनात जाईल. अलीकडचे अहवाल असतील तर पाठवा, असं इंद्रनील म्हणाला. इंजिनियरकडे पुरावा मागितला की तो जरा जास्तच देतो. सोमणांनी अख्खी फाइल पाठवली.

शीलाताईंचा विमा लगेच मंजूर झाला. त्यांच्याकडे एकही कागद नव्हता, अर्थात त्या निरोगी होत्या. सोमणांच्या बाबतीत मात्र विमा कंपनीनं कळवलं की अर्जदार सर्व बाजूंनी आजारी आहे.

"काका, तुम्ही ठणठणीत आहात हे मला माहीत आहे," इंद्रनील व्हिडिओ कॉलवर म्हणाला. "पण ते कुठं लिहिलेलं नाही. आजार लिहिलेले आहेत."

सोमणांनी ओळखीच्या डॉक्टरकडून ठणठणीत असल्याचा दाखला मिळवला. विमा कंपनीनं तो दप्तरी ठेवून घेतला आणि कळवलं की निरोगी माणूस असा दाखला काढत नाही. सबब अर्जदाराचा चिंतारोगही वगळण्यात येत आहे. इंद्रनीलनं बरीच रदबदली केल्यावर अखेर पॉलिसी आली. जे जे तपासलं होतं, ते ते कायमचं वगळलं होतं. डाव्या पायाचा अंगठा तेवढा पूर्ण रकमेला संरक्षित होता.

निघायच्या दिवशी सोमण सवयीनं कंपनीचे लोखंडी टोकाचे बूट चढवू लागले. शीलाताईंनी चपला पुढे केल्या. बाकी सगळं जपायचं होतं. अंगठ्याला काही झालं तरी आता चालणार होतं.

विमानतळावर सरकता जिना बंद होता. अर्ध्या पायऱ्यांवर शीलाताई थांबल्या, चेहरा पांढरा पडला. सोमणांनी त्यांचा हात धरला आणि नाशिकला पोहोचताच हा गुडघा दाखवून घेऊ, असं म्हणाले.

"एक अक्षर बोलू नका," शीलाताई दात आवळून म्हणाल्या. "पॉलिसीत पहिली काही वर्षं गुडघा येत नाही. तोवर तो दुखत नाही."

वाचकहो, हे वाचताना तुम्हालाही हसू आलं असेल, आणि हसता हसता छातीत जराशी कळ आली असेल, तर आधी डॉक्टरकडे जा, असं सांगणं आमचं कर्तव्य आहे. तुम्ही आधी पॉलिसी काढणार आहात, हे आम्हाला ठाऊक आहे.