तात्यांचं बादलीतलं शेत

डबा शेतात रोवायचा होता, पण तात्यांनी त्याची सळी घरातल्या बादलीत खुपसली होती. बादलीतली माती शेतातलीच होती, त्यामुळे आपण काही लबाडी करतोय असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. कृषी केंद्रातल्या बाईंनी डबा देताना तो मातीची ओल मोजतो, हवा तपासतो, असं सांगितलं होतं. तो बोलतो हे नंतर कळलं. पहिल्याच सकाळी बांधावर तो बायकी आवाजात म्हणाला, "माती कोरडी आहे. पाणी द्या." बायको गेल्यापासून चार वर्षांत तात्यांना सकाळी सकाळी कुणी काम सांगितलं नव्हतं. त्यांनी डबा उचलून घरी आणला.

तेव्हापासून बादली खाटेशेजारी. डब्याने हुकूम सोडला की तात्या "देतो गं बाई, जरा दम धर" म्हणत पेलाभर पाणी ओतत.

डब्याचे आकडे मात्र थेट केंद्रात जात. सात महिने एका शेताची ओल तसूभर हलली नाही हे पाहून मोठे साहेब उडालेच. त्यांनी फोन लावला. "तात्या, शनिवारी बाईंना घेऊन येतोय. डबे दिलेले बाकीचे दहा शेतकरीपण आणतो. तुमचं शेत बघून शिकू देत जरा."

डबा शेतात नसेल तर परत घेणार, हे बाईंनी सांगून ठेवलं होतं. शनिवारी सकाळीच ते डबा काखेत मारून शेतात गेले. सळी रोवताच डबा कोकलला, "माती कोरडी आहे. पाणी द्या." पाच घागरी ओतल्या, तरी तेच.

"अगं, चारचौघांत अब्रू घालवशील माझी!" तात्या खेकसले. तेवढ्यात लांबून गाडी दिसली. साहेब तासभर आधीच! तात्यांनी डबा उपसला, आडवाटेने घर गाठलं, डबा खाटेखाली ढकलला आणि ते धापा टाकत दारात हसत उभे राहिले.

"आधी चहा घ्या की."

चहा लांबला की ऊन वाढेल आणि साहेब शेताचं नाव काढणार नाहीत, असा त्यांचा बेत. बाहेर धूळ उडत होती म्हणून दार लावलं, खिडकी लावली. एवढ्याशा खोलीत तेरा माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली, आणि खाटेखालून आवाज आला, "हवा खराब आहे. ताबडतोब बाहेर पडा."

साहेबांचा कप हातातच राहिला. "तात्या, डबा घरात?"

"नेऊ नका हो साहेब," तात्या म्हणाले. "घरात बोलायला दुसरं कुणी नाही."

कुणीच हसलं नाही. मग कोपऱ्यातले निवृत्त मास्तर खाकरले. "माझा उशाशी असतो, कुंडीत."

"माझा ओट्यावर," आणखी एकजण पुटपुटला. मग बाकीच्यांनीही माना खाली घातल्या.

"अहो, मग सात महिने मला आकडे कसले येतायत?" साहेब ओरडले.

"कुंड्यांचे," बाई शांतपणे म्हणाल्या.

आता मात्र खोलीभर हशा पिकला. साहेबही हसले. "सगळ्यांचेच कुठे काढून घेत बसू? पण सोमवारी सगळे डबे शेतात दिसले पाहिजेत," एवढं बजावून ते उठले.

संध्याकाळी तात्या एकटेच कप विसळत होते. तेरा कप. डबा म्हणाला, "हवा चांगली आहे."

"चांगली, डोंबलाची! माणसं गेली म्हणून चांगली!" तात्या भडकले. कप तसेच टाकून त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि दोन गल्ल्या ओलांडून मास्तरांचं दार वाजवलं. इतक्या वर्षांत ते या दारात कधी आले नव्हते.

"कोण आहे?"

"मी, तात्या. म्हटलं, तुमच्या खोलीतली हवा जरा खराब करून यावी."

आत घाईघाईने खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मास्तरांनी दार उघडलं आणि ते म्हणाले, "या, या. आणि दार लावून घ्या."