चोवीस तोंडांची गाडी

बबनभाऊ रोज सकाळी सात वाजता चोवीस तोंडं उघडून बघायचे. माणसांची नव्हे, बॅटऱ्यांची. आमच्या वसाहतीच्या गोल्फ कार्टमध्ये सहा बॅटऱ्या होत्या आणि प्रत्येकीला चार झाकणं. भाऊ एकेक झाकण फिरवायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे, टॉर्च मारून आत डोकावायचे आणि म्हणायचे, "आ कर." खरोखर म्हणायचे. मी माझ्या कानांनी ऐकलंय.

मग डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेऊन ज्या तोंडाला तहान लागली असेल त्यात घोटभर पाणी. सहाव्या बॅटरीला ते 'धाकटी' म्हणत. ती सगळ्यात जास्त प्यायची आणि सगळ्यात कमी काम करायची. "लाडावलीय," एवढंच ते म्हणत.

एकदा मी गाडीचं माहितीपुस्तक वाचून त्यांना म्हटलं, "भाऊ, पाणी महिन्यातून एकदा बघा म्हणून लिहिलंय."

"बाई, पुस्तकाला कुटं तहान लागती?"

मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. मला अशी उत्तरं देणारी मुलं मी वर्गाबाहेर उभी केली आहेत. पण भाऊ सत्तरीचे, शिवाय गाडी चालवणारे तेच एकटे, त्यामुळे मी पुस्तक मिटलं.

तर ही गाडी. लोणावळ्याबाहेर, औंढे गावाच्या अंगाला, टेकडीवर आमची बंगल्यांची वसाहत आहे. बहुतेक बंगले शनिवार-रविवारपुरते जागे होतात. बारा महिने राहणारे आम्ही पाच-सहा म्हातारे. फाटक खाली, घरं वर आणि मधे असा चढ की भाजीची पिशवी घेऊन चढलं की त्या भाजीचा राग येतो. आमच्यापैकी गोल्फ कुणीच खेळत नाही. एका रिसॉर्टने मोडीत काढलेली ही चार आसनांची गाडी एका बंगलेवाल्याने इथे आणून सोडली. बबनभाऊ औंढ्याचे. आयुष्यभर रेल्वेत डब्यांच्या बॅटऱ्यांवर काम केलेले. तेव्हा गाडी आपोआप त्यांच्या पदरात पडली.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "त्वांड उघडल्याबिगर तब्येत कळत न्हाई." हे ते बॅटरीबद्दल म्हणत, पाण्याच्या टाकीबद्दल म्हणत, एकदा तर दातांच्या डॉक्टरलाही त्यांनीच ऐकवलं.

पण भाऊंच्या या पोरी, म्हणजे बॅटऱ्या, थकल्या होत्या. श्रावणात एका सकाळी लिमयेआजींना घेऊन गाडी निघाली आणि अर्ध्या चढावर बसली. आजींचं वय शहाऐंशी, गुडघे दोन्ही संपलेले. त्या पाऊण तास छत्रीखाली गाडीतच बसून राहिल्या आणि तेवढ्या वेळात पिशवीतले सगळे वाल सोलून मोकळ्या झाल्या. आजींना काही वाटलं नाही. वाटलं ते ठाण्याच्या त्यांच्या मुलाला. त्याने फोनवर बजावलं, "दिवाळीपर्यंत गाडीचं काही झालं नाही तर तुला इकडे घेऊन येणार." आजींनी फोन ठेवला आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचे डोळे भरले. चाळीस वर्षं त्या या टेकडीवर राहताहेत. ठाण्यातल्या सोळाव्या मजल्यावर त्यांना कुणी कुंडीसारखं ठेवावं, ही कल्पना मलाही सहन होईना.

सभेत ठरलं, गाडीला लिथियम बॅटरी बसवायची. सेक्रेटरी म्हणून निवडायचं काम माझ्याकडे आणि जाणकार म्हणून बबनभाऊंकडे. भाऊंनी मान डोलावली. मला वाटलं, आठवड्याचं काम आहे.

भाऊंनी ते बैलबाजाराचं काम करून टाकलं.

पहिला विक्रेता पुण्याहून आला, गुळगुळीत काळी पेटी घेऊन. भाऊंनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, पाठीवरून हात फिरवला, खाली वाकून बघितलं.

"हिचं त्वांड कुटंय?"

"काका, सील्ड असते. उघडत नाही."

"मग दात कसं बघायचं?"

"दात?"

"बैल घेताना दात बघत्यात. वय कळतं. ही मुकी, त्वांड बंद. हिला बरं न्हाई वाटलं तर सांगनार कशी?"

विक्रेत्याने माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं.

दुसऱ्याने दहा वर्षांची वॉरंटी सांगितली. भाऊ म्हणाले, "ही दहा वर्सं जगंल. तुझं दुकान जगंल का?" प्रश्न खरं तर चोख होता, पण तो माणूस रागावून चहा न घेता गेला. तिसऱ्याने मोबाइल काढला. बॅटरीत किती चार्ज आहे, प्रत्येक सेल कसा आहे, सगळं पडद्यावर. भाऊंनी लांबूनच पाहिलं.

"म्हंजी तब्येत फोनवर इचारायची. माजा सुरतचा पोरगाबी आईतवारी तेच करतो."

तोही गेला. गणपती आले, गेले. नवरात्र तोंडावर आलं. माझ्या नाकी नऊ आले. आजी रोज कट्ट्यावरून विचारायच्या, "ठरलं का गं?" आणि मी दिवसेंदिवस त्यांची नजर चुकवायला शिकले. भाऊंचा मला खरोखर संताप यायला लागला होता. जाणकार माणूस, सगळं समजतंय, आणि खोड काढण्यापलीकडे काही करत नाही!

शेवटी तळेगावचे एक दुकानदार आले. पन्नाशीचे, शांत. त्यांनी एकट्याने बॅटरी उचलून आणली, हीच पहिली चूक. आमची एक जुनी बॅटरी हलवायला दोन माणसं लागत आणि इथे अख्खं बिऱ्हाड एका माणसाच्या हातात. "लय हलकी," भाऊ म्हणाले, "अंगावर मूठभर मास न्हाई." पण त्या माणसाने सांगितलं, "एक दिवस जोडून ठेवतो. चालवून बघा." बैल घेण्याआधी जुंपून बघू देणारा विकणारा भेटला, मग भाऊंना नाही म्हणायला जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी चाचणी. भाऊंनी पुढे लिमयेआजींना बसवलं. मागे मी आणि बागकाम करणाऱ्या चार बायका. त्यातल्या दोघी अर्ध्या बाहेर लोंबकळत. पायाशी भाऊंच्या शेतातल्या इंद्रायणी तांदळाची दोन पोती.

दुकानदार म्हणाले, "अहो, चार माणसांची गाडी आहे ना ही?"

"बैल जुंपून बघायचा तर रिकाम्या गाडीला जुंपत्यात व्हय?"

आणि आम्ही निघालो. काय सांगू! ती गाडी कधी अशी पळाली नव्हती. बायका ओरडायला लागल्या, आजी "अगं बाई, अगं बाई" करत हसायला लागल्या, माझा चष्मा एका कानावर आला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, आणि ऐन चढावर, काही आवाज न करता, गाडी थांबली. भाऊंनी ब्रेक दाबून धरला आणि एखादी शर्यत जिंकल्यासारखे ओरडले, "बसली! बघा बाई, बसली!"

दुकानदार धापा टाकत वर आले. जराही न रागावता म्हणाले, "बसली नाही, भाऊ. भार जास्त झाला म्हणून तिनेच स्वतःला बंद केलं. आत तशी यंत्रणा असते. जास्त भार, जास्त गरमी, चार्ज संपत आला, सगळं तिला कळतं. ती स्वतःची काळजी स्वतः घेते. तुम्हाला काही म्हणजे काही करावं लागणार नाही."

पोती आणि चौघी बायका उतरल्या. दुकानदारांनी बॅटरी पुन्हा सुरू करून दिली आणि गाडी आम्हा तिघांना घेऊन लोण्यातून सुरी जावी तशी वर गेली. पण वर आल्यावर भाऊ गाडीच्या शेडच्या पायरीवर जाऊन बसले.

मी जवळ गेले, भांडायच्याच तयारीने. म्हटलं, "आता काय खोड काढणार?"

"खोड न्हाई, बाई. चांगली हाय. पहिलीपन चांगलीच हुती."

"मग दोन महिने हे काय चाललं होतं?"

भाऊ हातातलं जुन्या बॅटरीचं एक झाकण फिरवत म्हणाले, "आमची सखू दोन वर्सं हातरुणाला हुती. चमच्यानं पानी पाजायचो. सकाळी सातला पयलं. ती गेली, तवा सात वाजता उटून बसायचो, आन् हातांना कायबी कळायचं न्हाई. मग ही गाडी आली. हिला पानी लागायचं." त्यांनी नव्या बॅटरीकडे बोट दाखवलं. "हिला तर कायबी लागत न्हाई म्हनत्यात."

मी त्यांच्यावर दोन महिने चिडत होते, त्याची मला लाज वाटली.

तेवढ्यात पलीकडून आजींनी हाक मारली, "बबन, ठरलं का रे? मला ठाण्याला नको रे धाडू."

भाऊ ताडकन उठले. "न्हाई धाडत, आजी. बाई, हीच घ्या. नवा चार्जरबी घ्या, जुना हिला चालायचा न्हाई." जाणकार तो जाणकारच. तारा कुठून घ्यायच्या, पेटी कशी आवळायची, सगळं त्यांनीच उभं राहून करून घेतलं. जुन्या सहा जणी टेम्पोत चढल्या तेव्हा मात्र ते पाण्याचा पाइप गुंडाळायला दुसरीकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी खिडकीतून बघितलं. भाऊ शेडमध्ये उभे होते. हातात कॅन. गाडी समोर, तिचं काही दुखत नाही, काही खुपत नाही. ते नुसतेच उभे होते.

मी चपला न घालता बाहेर आले आणि ओरडले, "भाऊ! माझ्या इन्व्हर्टरची बॅटरी बघता का? तिला पाणी घातल्याचं मला आठवतच नाही."

हे मात्र अगदी खरं होतं. भाऊ माझ्या जिन्याखाली वाकले, झाकण काढलं आणि मला असे काही बोलले की मी भूगोलाच्या तासाला कुणाला बोलले नसेन. "तळ दिसतोय, बाई! माणूस हाय का कोन तुमी?" मी मान खाली घालून ऐकून घेतलं. सहा तोंडं, दहा मिनिटांचं काम. बॅटरी भरली, कॅनचं बूच लागलं आणि भाऊंना परत जायला काही कारण उरलं नाही, थांबायलाही नाही. ते दारात घुटमळले.

"चहा टाकलाय," मी म्हटलं. टाकला नव्हता.

भाऊ बसले. इतक्या वर्षांत माझ्या घरात पहिल्यांदा. आणि चहा येईपर्यंत आपणहून सांगायला लागले, लग्नानंतरच्या दुसऱ्या महिन्यात सखूबाईंनी त्यांच्या डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमधलं पाणी घेऊन तुरीची डाळ शिजवली होती, ती गोष्ट. "आन् शिजली कशी सांगू, बाई! लोण्यावानी. मंग दर आईतवारी कॅन लपवून ठेवायचो, तर ती बरूबर हुडकून काढायची." ते हसता हसता डोळे पुसत होते आणि मीही. मग त्यांनी तिच्या माहेरचं सांगितलं, तिच्या भांडणांचं सांगितलं, तिच्या हातच्या मासवडीचं सांगितलं. चहा तीनदा झाला. भाऊ उठले तेव्हा साडेअकरा वाजले होते.