जीपची तपासणी गल्लीभर

"गाडी बोलते! फक्त ऐकणारा कान पाहिजे!" असं कर्णेदादांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या एका हातात चहाचा कप होता, दुसऱ्या हातात मायक्रोफोन, आणि पाठीशी लाउडस्पीकर दुरुस्तीचा अर्ध्या आयुष्याचा अनुभव. आता मंडळी, तुम्ही म्हणाल, लाउडस्पीकरचा आणि जीपचा संबंध काय? अगदी हाच प्रश्न त्यांच्या बायकोने विचारला.

बायको नर्स. साऱ्या वस्तीची 'सिस्टर', म्हणून घरातही सिस्टरच. तिची बदली टेकडीवरच्या दवाखान्यात झाली होती. बस पायथ्याशी थांबायची, आणि तिथून वर दगडांनी असं काही संमेलन भरवलं होतं की साधी मोटार पोट धरून परत फिरावी. जीप मिळाली तर सिस्टर रोज संध्याकाळी घरी. नाही मिळाली तर सोमवारपासून वरच्या खोलीत मुक्काम, आणि नवऱ्याला दर्शन फक्त रविवारी! ज्या माणसाला समोर सिस्टर बसल्याशिवाय घास उतरत नाही, त्याने काय करावं?

"आज जीप घेऊनच परतायचं!" दादांनी कप खाली ठेवला.

"दाजी, एक सांगू?" सिस्टरचा धाकटा भाऊ म्हणाला. "गाडी कितीही आवडो, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा ठेवायचा. खुसपटं काढायची. मालक खचला की भाव उतरला!"

या मेहुण्याच्या मालकीचं आजवरचं सगळ्यात मोठं वाहन म्हणजे तीनचाकी सायकल. पण सल्ला द्यायला कुठे लायसन्स लागतं! दादांना तो पटला. इथेच सगळं बिनसलं.

जीप होती दोन गल्ल्या पलीकडे, जनावरांच्या एका निवृत्त डॉक्टरबाईंकडे. तिघे निघाले. मेहुण्याने हातगाडी ढकलली. तिच्यावर अॅम्प्लिफायर, वायरींचं भेंडोळं आणि एक भला थोरला कर्णा. कर्णा खरं तर दुपारी शाळेच्या मैदानावर पोचवायचा होता. पण वाटेतच आहे तर राहू दे, असा दादांचा हिशेब.

डॉक्टरबाई फाटकातच उभ्या. काठीसारख्या सरळ, नजर इंजेक्शनच्या सुईसारखी.

"आधीच सांगते," त्या म्हणाल्या, "कालच्या गिऱ्हाइकाने टायरला लाथ मारली. त्याला मी या फाटकापर्यंत पोचवून आले. या गाडीने मला अडलेल्या गाईंपाशी भर पावसात नेलंय. आणि संध्याकाळी खाणीचा कंत्राटदार येतोय, तो सांगेन ती किंमत द्यायला तयार आहे. तपासायची असेल तर आत्ता तपासा."

कंत्राटदार! म्हणजे गाडी आज संध्याकाळीच हातची जाणार! पण चेहरा? एरंडेल!

आधी त्यांनी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढलं. रंगाखाली पत्रा आहे की लांबीचा लगदा भरलाय, हे चुंबक सांगतं. ते दाराला लावलं मात्र, असं चिकटलं की जन्मोजन्मीची ओळख! दादा ओढतात, मेहुणा दादांना ओढतो, सिस्टर मेहुण्याला ओढते.

"पत्रा अस्सल आहे, एवढं कळलं ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हं... बघू," दादा आंबट तोंडाने म्हणाले. मनात मात्र ढोल वाजत होते.

मग आली दादांची खास रीत. घरचा पंखा असो की शेजाऱ्याचं शिलाईयंत्र, दादा प्रत्येक यंत्राला माइक लावून ऐकायचे. डॉक्टर छातीला नळी लावतात तसं! व्हरांड्यातून वीज घेतली, अॅम्प्लिफायर सुरू केला, कानांवर जाडजूड हेडफोन चढवले आणि माइक घेऊन दादा जीपखाली सरपटले. बाहेर उरले फक्त पाय.

"सिस्टर, चालू कर!"

सिस्टरने वर बसून किल्ली फिरवली.

"आवाज वाढव रे!" खालून आज्ञा आली.

मेहुण्याने समोर दिसलेलं सगळ्यात मोठं बटण फिरवलं. ते बटण त्याच अॅम्प्लिफायरला जोडलेल्या कर्ण्याचं होतं.

जीपची गर्जना गल्लीभर घुमली! कबुतरं उडाली, कुत्री पलंगाखाली गेली, माणसं पलंगावरून उठली. मेहुणा घाबरून एकेक बटण फिरवत सुटला, आणि प्रत्येक बटण आवाज वाढवण्याचंच निघालं. दादांच्या कानांवर हेडफोन घट्ट. त्यांना वाटलं, वा, काय स्वच्छ ऐकू येतंय!

सिस्टरने घाईने इंजिन बंद केलं. गल्ली शांत झाली. आणि त्या शांततेत, फक्त सिस्टरला ऐकू जावं म्हणून दबक्या सुरात बोलणाऱ्या दादांचा आवाज कर्ण्यातून आला.

"अगं सिस्टर, काय इंजिन आहे! तासभर गाऊनही गळा न बसलेल्या बुवांसारखं! कुठे खरखर नाही, कुठे धाप नाही!"

सिस्टर खाली उतरून त्यांचा पाय ओढू लागली.

"गुदगुल्या करू नकोस गं, ऐक! आता मी बाहेर येऊन म्हणणार, इंजिन दमेकरी आहे आणि खाली गंज चढलाय. डॉक्टरबाई साध्या आहेत, वयही झालंय, त्यांना पटेल. फक्त तुझ्या भावाला बोलू देऊ नकोस. त्याला गाडीतलं हॉर्नपलीकडे काही कळत नाही!"

मेहुण्याचे हात बटणांवर गोठले. कुंपणापलीकडे डोकी उगवली, गच्च्या भरल्या. सिस्टरने दुसरा पाय ओढला.

"खरं सांगू?" कर्णा आता आणखी हळू आवाजात बोलू लागला, म्हणजे फक्त एकाच गल्लीला ऐकू जाईल इतका. "ही गाडी मला हवीच आहे. तू वर राहायला गेलीस तर ते घर मला खायला उठेल गं. त्या दगडांवरून तुला एक पाऊल चालू देणार नाही. रोज सकाळी सोडायला येईन, रोज संध्याकाळी आणायला येईन. ही माझी शपथ!"

गल्लीत कुणीतरी नाक ओढलं. सिस्टरने पाय सोडून दिला आणि पदराने डोळे पुसले.

दादा बाहेर आले. केसांत ग्रीस. हेडफोन काढले, ठरलेला चेहरा लावला आणि डॉक्टरबाईंकडे वळले. "अहो, काय सांगू! इंजिन अगदी दमेकरी..."

"आणि गंज?" डॉक्टरबाईंनी शांतपणे विचारलं.

"हो ना! खाली नुसता गंज..."

"आणि मी साधी आहे, वयही झालंय. ते राहिलं."

दादांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने मेहुण्याकडे. मेहुण्याने कर्ण्याकडे बोट दाखवलं. मग दादांना एकदम गच्च्या दिसल्या, कुंपणं दिसली, अख्खी हसणारी गल्ली दिसली, आणि ते मटकन जीपच्या पायरीवर बसले.

"गेली," ते पुटपुटले. "गाडी गेली."

"कुठे गेली? तुम्हीच तिच्यावर बसलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कंत्राटदार हिच्यावर दगड लादणार होता. तुम्ही माणूस नेणार आहात. किंमत मात्र एक पैसा कमी नाही, कारण इंजिन कसं आहे ते सगळ्यांनी ऐकलंय! मंजूर?"

"मंजूर!" दादांच्या आधी गल्लीच ओरडली.

"मग घ्या किल्ली. एक चक्कर मारा पाहू."

दादांनी किल्ली घेतली. उलटीसुलटी करून पाहिली. आणि अदबीने सिस्टरच्या हातात दिली.

"का हो?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मला गाडी ऐकता येते," दादा म्हणाले. "चालवता येत नाही."

सिस्टरला येत होती. आधीच्या दवाखान्याचा ड्रायव्हर आजारी पडला की रुग्णवाहिका तीच न्यायची. तिने जीप अशी फिरवून आणली की डॉक्टरबाईंनी टाळ्या वाजवल्या.

मंडळी, सिस्टर आता रोज घरी असते. पण शपथ पडली जाहीर! गल्लीने ऐकलेली! त्यामुळे रोज सकाळी दादा सिस्टरच्या शेजारी ऐटीत बसून तिला वर सोडायला जातात. जीप राहते सिस्टरपाशी, आणि दादांचं दुरुस्तीचं दुकान खाली. म्हणून दादा त्या दगडांवरून चालत उतरतात. संध्याकाळी तिला आणायला पुन्हा चालत चढतात.

"काय दादा, सिस्टरना सोडून आलात का?" पायथ्याशी कुणी ना कुणी विचारतंच.

"आलो ना," दादा बुटातला खडा काढत सांगतात. "जीप आहे म्हणून बरं."