जैसलमेरसाठी मुलुंडची वाळू

टण्!

सगळी इमारत अजून झोपेत होती, आणि ओट्यावरच्या ताटलीत काहीतरी पडलं होतं.

मिसळणाच्या डब्यातली मोहरी संपली म्हणून जयंतीनं फळीवरची मोठी बरणी ताटलीत कलती केली होती. मोहरीबरोबर एक लोखंडी नट बाहेर आला. चांगला जाडजूड, तुकतुकीत, वंगण लावलेला. दुसरी एखादी बाई किंचाळली असती. जयंतीनं फक्त मोहरी चाळून घेतली. गेल्या तीन वर्षांत तिला चहाच्या गाळण्यात वॉशर, इडलीपात्रात बेअरिंगं आणि माणिकच्या दप्तरात स्पार्क प्लग सापडला होता. त्या मानानं मोहरीतला नट म्हणजे अगदीच सभ्य पाहुणा. तिनं तो पुसला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवून दिला. एरवी तिनं नवऱ्याला उठवून त्याची आरती केली असती, पण आज वेळ नव्हता. आज जैसलमेरला निघायचं होतं.

तिचा नवरा मार्तंड एका विमा कंपनीत होता. दिवसभर लोकांच्या गाड्या कुठे आपटल्या, कुठे कोसळल्या, याची कागदपत्रं वाचायची आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या गाडीखाली शिरायचं, हा त्याचा दिनक्रम. गाडी म्हणजे लष्कराच्या लिलावातली जीप. ती मुलुंडच्या त्यांच्या कंपाउंडमध्ये आली तेव्हा तो म्हणाला होता, "जयू, या दिवाळीत वाळवंट!" माणिक तेव्हा तीन वर्षांची होती. तिनं विचारलं, "तिथे काय असतं?" तो म्हणाला, "उंट!"

"उंट जुहूला पण असतो," जयंती म्हणाली.

"तो भाड्याचा. वाळवंटातला खरा."

खऱ्या उंटाच्या तयारीला साकीनाक्याहून सहदेव येऊ लागला. त्याचं तिथे वेल्डिंगचं छोटं दुकान होतं. दोघांनी मिळून आधी जीपला पुढून लोखंडी बंपर लावला. इतका भक्कम, की जैसलमेरचा किल्ला आडवा आला असता तरी किल्ल्याचीच काळजी. त्या वजनानं जीपचं नाक खाली गेलं, म्हणून खाली स्प्रिंगचे जाड पाटे घातले. जीप वर गेली. इतकी वर, की चढायला जयंतीला स्वयंपाकघरातलं स्टूल लागायचं. मग वाळवंटात पेट्रोलचे पंप नसतात म्हणून मागे दुसरी टाकी आली. टाकीमुळे सामानाला जागा उरली नाही, म्हणून टपावर लोखंडी कॅरियर आला. कॅरियरमुळे जीप वळणावर डुलायला लागली. एका दिवाळीला बंपर झाला, दुसऱ्या दिवाळीला टाकी. तिसऱ्या वर्षी, या डुलण्यावर दोघांनी आठवडाभर विचार केला आणि सीटखाली वाळूची पोती भरली.

जयंती खिडकीतून बघत होती. "अहो, हे काय भरताय?"

"वाळू."

"कुठे न्यायची?"

"जैसलमेरला. म्हणजे, आपल्याबरोबर."

"बरं झालं. तिकडे कमी पडली तर बिचाऱ्यांची पंचाईत नको."

"वैनी, बॅलन्स लागतो गाडीक," सहदेव खालून गंभीरपणे म्हणाला.

"गाडीला लागतो ना? मग भरा. तुम्हा दोघांना लागला असता तर पोती पुरली नसती."

पण त्याच रात्री माणिकनं झोपताना सांगितलं, की तिनं शाळेत बाईंना उंटाचा केस आणून द्यायचं कबूल केलंय. जयंतीनं तिच्या अंगावर पांघरूण घातलं आणि बाहेर येऊन मार्तंडला बजावलं, "यंदा गेलो नाही, तर मी आणि माणिक आगगाडीनं जाऊ. तुम्ही बसा जीपखाली."

"जाऊ ना! पण आधी चाचणी. चाचणीशिवाय कोण जातं?"

म्हणून दिवाळीच्या आधीच्या रविवारी सगळे आरे कॉलनीत गेले. खरं तर खराब रस्त्यासाठी एवढं लांब जायची गरज नव्हती, कोपऱ्यावरचा पुरला असता. पण मार्तंडला रस्ताच नसलेली जागा हवी होती. तबेल्यामागे ती सापडली. जीप ऐटीत चिखलात शिरली आणि बूड टेकून बसली. पुढे जाईना, मागे येईना. म्हशी रवंथ करत बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जयंतीला आपलेच भाव दिसले.

"वजन लय झाला," सहदेव म्हणाला. "पोती काढूया."

पोती काढली, फोडली, वाळू चाकांखाली ओतली. मार्तंडनं गिअर टाकला आणि जीप गुरगुरत, हसल्यासारखी, बाहेर आली. हलकी होऊन ती टेकाडावर चढली, ओढ्यातून गेली, वळणावर जेमतेम डुलली. माणिक टाळ्या पिटत होती. जयंतीचा अंबाडा सुटला होता, साडीवर चिखल उडाला होता, आणि ती चक्क हसत होती. लग्नानंतर माथेरान सोडलं तर ती कुठे गेली नव्हती. हे यंत्र आपल्याला खरंच कुठेतरी नेईल असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

"पास!" ती ओरडली. "शुक्रवारी निघायचं!"

मार्तंडचा चेहरा मात्र पडला. "अगं, पण वाळू संपली ना."

"अहो, जैसलमेरला मिळेल की!"

मार्तंड रिकाम्या पोत्यांच्या घड्या घालू लागला. सहदेव तर म्हशीच्या पाठीवर थाप मारून हसत सुटला.

तो शुक्रवार आज उजाडला होता. बटाट्याची भाजी, पुऱ्या, चिवडा, सगळं बांधून जयंती खाली आली. माणिक टोपी घालून कधीची सीटवर चढून बसली होती. तळमजल्यावरच्या शांताबाई ताम्हन घेऊन आल्या, चाकाखाली लिंबू ठेवलं. फक्त जीपचा मालक दिसत नव्हता. त्याचे पाय दिसत होते.

"अहो, आता काय?"

मार्तंड खालून सरपटत बाहेर आला. "जयू, घात झाला. स्टिअरिंगच्या दांड्याचा मोठा नट नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"परवा साफ करायला काढला होता. कुठे गेला कळत नाही. त्याच्याशिवाय जीप हलवणं म्हणजे आत्महत्या."

"दुसरा बसवा."

"मिलिटरीचो माल, वैनी. असो दुसरो गावचो नाय," सहदेव हताशपणे म्हणाला. सकाळपासून त्यानं सगळं कंपाउंड धुंडाळलं होतं, गटारातसुद्धा हात घालून झाला होता. "आनी दिवाळीची दुकानां पण बंद."

"नशीब," मार्तंडनं सुस्कारा सोडला. "पुढच्या वर्षी नक्की. तोवर तो कॅरियर पण जरा हलका करून घेऊ."

सुस्कारा मोठा होता, पण जयंतीला तो दुःखाचा वाटेना. विम्याचा हप्ता वेळेवर भरला की तो असाच सुस्कारा टाकायचा.

"चला, उतर गं माणिक," शांताबाई हळहळल्या. माणिकनं ओठ काढला.

जयंतीनं पदराची गाठ सोडली. "हा का बघा."

सहदेवनं झडप घातली. "ह्योच तो! वैनी, खंय गावलो?"

"घरात," जयंती म्हणाली. "आमच्याकडे सगळं घरातच सापडतं."

मार्तंड नटाकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. मग पुन्हा नटाकडे, जणू त्यानंच दगा दिला होता. सहदेवनं नट बसवला, आवळला, हात पुसले. "झकास! निघा आता."

आता खाली शिरायला काही कारण उरलं नव्हतं. मार्तंड स्टिअरिंगपाशी बसला. शांताबाईंनी ओवाळलं. त्यानं चावी फिरवली, आणि तीन वर्षं ऐन वेळी खोकणारं इंजिन आज पहिल्या झटक्यात सुरू झालं. लिंबू फुटलं. जीप फाटकाबाहेर पडली. त्याचे कान लाल झाले होते आणि हात स्टिअरिंगवर इतके घट्ट होते, की बोटं पांढरी पडली होती. जयंतीच्या जिभेवर एक झणझणीत टोमणा अगदी तयार होता. त्या बोटांकडे बघून तिनं तो गिळला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

कोपऱ्यावरच्या पहिल्या खड्ड्यात जीप हिंदकळली. माणिकनं मान वर करून आईकडे पाहिलं.

"आई, बाबा म्हणाले होते ती गंमत आहे, तुला सांगायची नाही. पण आता सांगते. त्यांनी तो नट मोहरीत का लपवला होता गं?"