अनारझोरचा पाणीचोर

हैदरकुल गुप्तहेराच्या मते जगात गुप्तहेर दोनच प्रकारचे होते: एक हैदरकुल आणि दुसरे उरलेले. उरलेल्यांची त्याला मनापासून कीव यायची.

“माझी नजर म्हणजे नजर नाही, सुरी आहे सुरी!” तो सांगत होता. “कान असे, की मुंगीला उचकी लागली तरी मला ऐकू येते. आणि नाक... नाकाबद्दल मी स्वतः काय बोलू? ते समोरच दिसतंय.”

ते खरोखरच समोर दिसत होतं, आणि बरंच पुढपर्यंत दिसत होतं. हे भाषण चाललं होतं त्याच्या सासुरवाडीच्या अंगणात, सासूबाईंनी वाढलेल्या पुलावाच्या ताटासमोर. ऐकणारा एकटाच होता, तो म्हणजे मेहुणा सोबित. सोबितचा धंदा घड्याळं दुरुस्त करण्याचा. पण बहीण हैदरकुलला दिल्यापासून तो मदतनीसही झाला होता. बायकोचा भाऊ मदतनीस असला की तो नोकरी सोडून जात नाही, हा हैदरकुलने लावलेला पहिला शोध. दुसरा अजून लागायचा होता.

खरं सांगायचं तर हैदरकुल जन्मभर एका सिनेमा थिएटरात डोअरकीपर होता. अंधारात बिनतिकिटाचा माणूस नुसत्या वासावरून ओळखायचा, असं तो म्हणे. पुढे थिएटर बंद पडलं, पण बॅटरी त्याच्याकडेच राहिली. तेव्हापासून ती भर दुपारीसुद्धा त्याच्या हातात असे.

“जावईबापू,” मस्तुराआपा चहाची किटली घेऊन बाहेर आल्या, “तुमचं नाक-कान झालं असेल तर माझ्या झाडांचं बघा ना काहीतरी.”

सोबितने चमकून आईकडे पाहिलं. आईने जावयाकडे आजवर कधी काही मागितलं नव्हतं. जावई काही देईल अशी आशाही तिने कधी धरली नव्हती.

प्रश्न अनारझोर रस्त्याचा होता. अनारझोर म्हणजे डाळिंबांची बाग. नाव ठेवणाऱ्याला थट्टेची आवड असणार, कारण तिथे डाळिंब सोडाच, नावाला झुडूप नव्हतं. होता तो डांबराचा रुंदच्या रुंद पट्टा आणि त्यावरून बाजाराकडे सुसाट सुटलेल्या गाड्या. मस्तुराआपा रस्त्याच्या अलीकडे, त्यांची बालमैत्रीण रोबियाआपा पलीकडे. दोघींचे गुडघे कामातून गेलेले. रस्ता ओलांडायचा म्हणजे जिवावर उदार व्हायचं. म्हणून कित्येक वर्षं दोघी आपापल्या दारात उभ्या राहायच्या, एकमेकींना बघून हात हलवायच्या आणि बोलायच्या मात्र फोनवर.

मग पालिकेला काय सुबुद्धी झाली कोण जाणे, तिने रस्ता चक्क निम्मा केला. दोन्ही अंगांना ऐसपैस फूटपाथ, कडेने पाण्याचे पाट, पाटालगत चिनारची रोपं. पुलाव खाणाऱ्या मर्गिलान शहरात बारीक झालेली ही पहिलीच गोष्ट. समोरून गाडी आली की दुसरीला थांबावं लागे, आणि थांबल्यावर “काय, बरंय ना?” म्हणावंच लागे. पहिल्याच दिवशी रोबियाआपा काठी टेकत रस्ता ओलांडून आल्या. तेव्हापासून रोज दुपारी दोघींचा चहा अलीकडच्या बाकावर, चिनारच्या सावलीत. ती सावली किटलीवरसुद्धा पुरती पडत नव्हती, पण दोघी तिला सावलीच म्हणायच्या.

आणि आता अलीकडची अख्खी रांग माना टाकून उभी होती. पाट कोरडा ठणठणीत! कोपऱ्यावर पुलात नावाच्या माणसाचं गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं. रस्ता अरुंद झाल्यापासून त्याच्या दारात गाड्या लावता येत नव्हत्या. त्याने अर्ज ठोकला होता की झाडं मेलीच आहेत तर रस्ता पूर्वीसारखा करा. गुरुवारी पालिकेच्या बाई बघायला येणार होत्या. झाडं मेलेली दिसली की फूटपाथ उखडणार.

“परत फोनवर बोलायचं वय नाही राहिलं माझं,” मस्तुराआपा म्हणाल्या. “आणि रोबियाला फोनवर आता काही ऐकूही येत नाही. जवळ बसून कानात सांगावं लागतं.”

हैदरकुल हात धुऊन उठला.

“सासूबाई, ही साधी पाणीटंचाई नाही. हा कट आहे! याच सुमाराला माझं कलिंगड चोरीला गेलं. वरच्या चौकात पाटात गार करायला ठेवलं होतं, तुमच्यासाठीच. चहा पिऊन येतो तर गायब! योगायोग? माझ्या शब्दकोशात हा शब्दच नाही.”

“तुमच्याकडे शब्दकोश आहे, दाजी?”

“नाही. तोही चोरीलाच गेला असणार. लिहून ठेव सोबित, या सगळ्या गुन्ह्यांमागे एकच हात आहे!”

सोबित हळूच म्हणाला, “दाजी, पाट कोरडा आहे म्हणजे पाणी वरती कुठेतरी अडलंय. चौकातली मोरी बघायची का?”

“हे झालं सामान्य माणसाचं डोकं,” हैदरकुल म्हणाला. तरी मेहुण्याचं मन राखायला गेला. चौकात पाटाचे दोन फाटे फुटायचे. एक पलीकडे उघडा वाहायचा, दुसरा फरशीखालच्या मोरीतून अलीकडे यायचा. हैदरकुल पालथा झोपला, मोरीत बॅटरी रोखली आणि बराच वेळ बघत राहिला.

“आत काळोख आहे. बाकी काही नाही.”

“दाजी, बॅटरी लागलेलीच नाही.”

“सेल थिएटरबरोबरच गेले. पण इतक्या वर्षांच्या सवयीने मला न लागलेल्या बॅटरीतही दिसतं. चल.”

पहिला संशयित अर्थातच पुलात. हैदरकुलने एका रोपाच्या मुळाशी बोट खुपसून माती चाखली आणि डोळे मिटले. “खारट! कांदा आणि जिऱ्याचा वास! झाडांना विष घातलंय.”

“तो तुमच्या समोशाचा चुरा आहे. आत्ता इथेच उभं राहून खाल्लात.”

“पुरावा नष्ट करायला मला भाग पाडलं गेलं,” हैदरकुल म्हणाला. मग त्याने पुलातच्या दुकानासमोरची गाडी न्याहाळली. “पांढरी! पाणी बंद झालं त्या दिवशीही इथून पांढरी गाडी गेली होती, मी स्वतः पाहिलं.”

“मर्गिलानमधल्या सगळ्याच गाड्या पांढऱ्या आहेत, दाजी.”

“बाप रे! म्हणजे टोळी बरीच मोठी आहे.”

पुलातने हात जोडले. “भाऊ, मला रस्ता रुंद हवाय, हे मी अर्जावर सही करून सांगितलंय. चोरून कशाला करू? आणि तुम्ही त्या गाडीच्या टपावरून उतरा, ती गिऱ्हाइकाची आहे.”

दुसऱ्या दिवशी एका पानाला भोक सापडलं आणि गुन्हा शहराच्या प्रसिद्ध रेशीमकिड्यांवर गेला. पिढ्यान्‌पिढ्या तुतीचा पाला खाऊन ते विटले आहेत आणि चिनारवर उतरले आहेत, असा सिद्धांत. हैदरकुलने बाजारातून एक किडा आणून काड्यापेटीत अटकेत टाकला आणि सलग उलटतपासणी घेतली. किड्याने शांतपणे स्वतःभोवती कोश विणला.

“बघितलंस? जबाब द्यायची वेळ आली तर तोंड लपवतोय!”

बुधवारी मात्र हसण्यावारी न्यावं असं राहिलं नाही. हैदरकुल पलीकडच्या फूटपाथवर गेला. तिथली रोपं टरारलेली, पाट काठोकाठ भरलेला, पाणी थेट रोबियाआपांच्या उंबऱ्यापर्यंत आलेलं. त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, बॅटरीच्या प्रकाशाइतकाच.

“मावशी!” तो रोबियाआपांच्या कानाशी ओरडला. “इकडे पाणी जास्त, तिकडे थेंब नाही! आमचं पाणी तुम्ही चोरलंत!”

त्यांना ऐकू कमी येत असलं, तरी नेमकं हे आलं. सगळ्या गल्लीला आलं. त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

त्या दुपारी बाकावर मस्तुराआपा एकट्याच बसल्या. दोन वाट्यांमध्ये चहा ओतलेला. एक वाटी तशीच निवून गेली. सोबितला दाजीच्या डोक्यात किटली घालावीशी वाटली; आईचे डोळे पाहून ती भरलेलीच घालावी असंही वाटलं.

गुरुवारी पालिकेच्या बाई आल्या. सुकलेली रांग बघून त्यांनी मान हलवली. पुलात हात चोळत मागेमागे. हैदरकुलने सगळ्यांना वरच्या चौकात मोरीपाशी जमवलं, कारण गुन्हेगार जाहीर करायचा तर गर्दी हवी.

“माझं नाक, माझे कान...” त्याने सुरुवात केली, तोच समोरून काठी येताना दिसली. काठीमागून रोबियाआपा. एक पांढरी गाडी गपकन थांबली, मागची थांबली, त्यांच्या मागे रांग लागली. रोबियाआपांनी कुणाकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ रस्ता ओलांडून त्या हैदरकुलसमोर उभ्या राहिल्या.

“पाणीचोर काय रे मी? मी? हिच्या डोहाळजेवणाला पाणी भरलंय मी या हातांनी!” आणि प्रत्येक शब्दाला काठी आपटायला लागल्या. पहिली फरशीवर, दुसरी हैदरकुलच्या बुटावर, तिसरी चुकून मोरीच्या तोंडातून आत गेली.

त्या थबकल्या. काठी पुन्हा आत घालून ठोकली.

“काहीतरी आहे गं इथे. हाताला लागतंय, पण मला ऐकू येईना. मस्तुरा, तू ऐक.”

कालपासून अबोला होता हे दोघी विसरल्या. मस्तुराआपा गुडघे धरत खाली बसल्या, मोरीला कान लावला. रोबियाआपांनी पुन्हा ठोकलं. आतून आवाज आला: डब्ब.

मस्तुराआपांचा चेहरा उजळला. “पिकलंय गं!”

“काय?”

“कलिंगड!” त्या मैत्रिणीच्या कानात ओरडल्या. “मस्त पिकलंय!”

सोबितने खांद्यापर्यंत हात आत घातला आणि ओढलं. ढुबकन एक भलंमोठं कलिंगड बाहेर आलं, त्याच्यामागून अडलेलं पाणी फूत्कारत सुटलं आणि हैदरकुलला घोट्यापर्यंत भिजवून अलीकडच्या पाटातून झाडांकडे धावलं. पालिकेच्या बाईंनी कलिंगड फिरवलं. त्याच्या पाठीवर सुरीने कोरलेलं होतं. त्यांनी मोठ्याने वाचलं:

“हैदरकुल गुप्तहेर यांचे. हात लावू नये.”

सगळ्या माना हैदरकुलकडे वळल्या. पाण्याचा तेवढा खळखळाट. सोबितने वर पाहायचं टाळलं. दाजी आता शरमेने मोरीतच शिरतात की काय, अशी त्याला भीती वाटली. पण ती त्याची दाजींशी असलेली अपुरी ओळख.

“मी पहिल्या दिवसापासून काय सांगत होतो?” हैदरकुल गरजला. “सगळ्या गुन्ह्यांमागे एकच हात आहे!” आणि त्याने तो हात विजयाने वर केला.

हसता हसता पालिकेच्या बाईंना पाटाच्या काठावरच बसावं लागलं. मग डोळे पुसून त्या एका रोपापाशी गेल्या, नखाने साल खरवडली. आत हिरवं होतं. दुसऱ्याचीही साल काढून पाहिली.

“जिवंत आहेत. नीट पाणी द्या, पालवी फुटेल.” मग त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. दोन म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून बाकाकडे चालल्या होत्या आणि गाड्या अजून मुकाट थांबल्या होत्या. “रस्ता आहे तसाच राहील,” बाई पुलातला म्हणाल्या. “तुमच्या गिऱ्हाइकांना थोडं चालायला सांगा.” पुलातने तोंड वाकडं केलं, पण कलिंगडाची फोड घेतली. इतकं गार कलिंगड त्याने जन्मात खाल्लं नव्हतं.

बाकावर मस्तुराआपांनी दोन वाट्या भरल्या. पायाशी पाट वाहत होता.

“जावईबापू,” त्या म्हणाल्या, “पुढच्या वेळी कलिंगड फ्रीजमध्ये ठेवत जा.”

“काय म्हणालीस?” रोबियाआपांनी कानाला हात लावला.

मस्तुराआपा त्यांच्या कानाशी वाकल्या आणि सगळं पुन्हा सांगितलं. रोबियाआपांनी ऐकलं, चहाचा घोट घेतला आणि हैदरकुलला आपादमस्तक न्याहाळलं.

“कलिंगड कशाला गं?” त्या म्हणाल्या. “जावयालाच ठेव!”