पाहिलेलं नाही, म्हणून बोलत नाही

बोरसे नानांच्या दारावर एक पाटी आहे : "दार ढकलून उघडेल. पावसाळ्यात किंचित उचलून ढकलावे. लाथ मारून उघडते का, ते पाहिलेले नाही." नावाची पाटी तिच्याखाली आहे, आणि आकाराने तिच्या निम्मी.

नाना धुळ्याला आमच्या शाळेत गणित शिकवायचे आणि मी भूगोल. शिवाय आमची घरं भिंतीला भिंत लागून. नव्वदीच्या सुरुवातीला शाळेत पहिला संगणक आला. मुख्याध्यापकांनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि खोलीला कुलूप लावून किल्ली नानांकडे दिली. दोन वर्षांत नानांनी एक प्रोग्राम लिहिला. गुण भरायचे, बटण दाबायचं, की अख्ख्या वर्गाचा निकाल छापून बाहेर. वर्षानुवर्षं एप्रिलच्या उकाड्यात निकालपत्रकांवर डोळे फोडून घेतलेल्या आम्हा मास्तरांना नाना देवासारखे वाटू लागले.

बघता बघता धुळे-जळगावच्या शाळा या प्रोग्रामची फ्लॉपी मागायला लागल्या. नाना आनंदाने द्यायचे, पण प्रत्येक फ्लॉपीसोबत स्वतःच्या अक्षरात एक कागद जायचा :

"डॉस पाच : चालेल. डॉस सहा : चालेल. डॉस तीन : चालणार नाही. डॉस चार : पाहिलेलं नाही, म्हणून बोलत नाही."

डॉस म्हणजे संगणकातला शिपाई. तो आधी येऊन कुलूप उघडतो, मग बाकीची शाळा भरते. हे शिपाई जुने-नवे असतात आणि प्रत्येक प्रोग्रामचं प्रत्येकाशी जमतंच असं नाही. एवढं मला नानांनीच शिकवलं. पुढचं त्यांनी शिकवलं, पण मला कळलं नाही.

मुख्याध्यापक एकदा म्हणाले, "अहो बोरसे, पाचवर चालतं तर चारवरही चालेल. लिहून टाका ना."

"तुम्ही दहावीला इंग्रजी शिकवता," नाना शांतपणे म्हणाले, "म्हणून नववीला गणित शिकवाल, असं लिहून देऊ का?"

मुख्याध्यापकांनी चहा मागवला.

हा बाणा फ्लॉपीपुरता असता तर ठीक होतं. स्टँडवर कुणी विचारलं, सोनगीरची गाडी येईल का, तर उत्तर यायचं, "काल आली होती. आजची पाहिलेली नाही." घरी आलेल्या पाहुण्याने भरीत तिखट आहे का विचारलं, तर, "मला सोसतं. तुमचं पोट पाहिलेलं नाही." पाहुणा मग दह्याकडे वळायचा.

एका प्रश्नाला मात्र हेच उत्तर आलं की कुणी हसायचं नाही. नानांची लेक सुनंदा चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी एका शाळेत शिक्षिका होती. तिथल्याच एका शिक्षकाशी तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं. नाना लग्नाला गेले नाहीत. तीन वर्षं झाली, येणं-जाणं नाही, पत्र नाही. "जावई कसे आहेत?" असं कुणी विचारलंच, तर नाना चष्मा पुसायला घेत आणि म्हणत, "पाहिलेलं नाही, म्हणून बोलत नाही."

एका मार्चमध्ये शाळेच्या पत्त्यावर नानांना पत्र आलं. "मा. बोरसे सर यांसी, स. न. वि. वि. आमच्या शाळेस एक जुना संगणक मिळाला आहे. त्यावर डॉस तीन आहे. आपला निकालाचा प्रोग्राम त्यावर चालू शकेल का, कृपया कळवावे." खाली सही, सुनंदाची.

नानांनी ते मला दाखवलं आणि म्हणाले, "कागदावर स्पष्ट लिहिलंय, तीनवर चालणार नाही. लोक वाचत नाहीत." मग पत्राची नीट घडी करून खिशात ठेवली. वरच्या खिशात.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी कुठूनतरी एक मोडीत निघालेला संगणक हातगाडीवरून घरी आणला. पंधरा दिवस शाळा सुटली की नाना त्याच्यासमोर. शेवटी प्रोग्राम तीनवर चालला. मी म्हटलं, आता फ्लॉपी पोस्टाने पाठवून द्या. नाना म्हणाले, "हा तीन वेगळा, त्यांचा तीन वेगळा. तिथल्या मशीनवर पाहिल्याशिवाय कसं लिहू?"

आतून काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, अहिराणीत म्हणाल्या, "जानं शे ते जा ना. फ्लॉपीना आड काब लपतस?"

रविवारी सकाळी एसटीत नाना आणि सोबतीला मी. फ्लॉप्या नेहमीप्रमाणे पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात, धूळ लागू नये म्हणून. तो डबा त्यांनी अमळनेर येईपर्यंत मांडीवरून हलवला नाही, आणि नंतरही नाही.

निकालाच्या कामामुळे रविवारीही शाळा उघडी होती. सुनंदा पायरीवर उभी होती. "नाना, उनात तुम्ही?" एवढंच म्हणाली.

"मशीन कुठे आहे?" नाना म्हणाले.

खोलीत पंखा नव्हता. पत्रे तापलेले. पहिल्यांदा प्रोग्राम अर्ध्यावर अडकला. दुसऱ्यांदाही. संगणक तापतोय म्हणून शेजारी उभे असलेले जावई हजेरीपट घेऊन त्याला वारा घालत होते. थोड्या वेळाने पाहतो तर हजेरीपट संगणकाकडून हळूच नानांकडे वळला होता. नानांनी ते पाहिलं. वळून नाही, पण पाहिलं.

तिसऱ्यांदा प्रिंटर करकरला आणि पाचवीचा निकाल सरकत सरकत बाहेर आला. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. सुनंदा हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

नानांनी फ्लॉपीसोबतचा कागद घेतला, "चालणार नाही" खोडलं आणि लिहिलं, "डॉस तीन : चालेल. स्वतः पाहिले." खाली सही केली. "बोरसे सर" नाही. "नाना."

परतीच्या गाडीत मी विचारलं, "जावई कसे आहेत?"

"माणूस चांगला आहे," नाना म्हणाले. चष्म्याला हात लावला नाही.

स्टीलच्या डब्यात आता सुनंदाने घातलेले पुरणाचे मांडे होते. फ्लॉप्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत, भुईमुगाच्या शेंगांखाली दबल्या होत्या. नानांना त्याचं काही नव्हतं. दोन्ही हात डब्यावर.

"मांडे कसे झालेत?" मी सहज विचारलं.

"फार छान झालेत," नाना म्हणाले.

डबा अजून उघडलेला नव्हता.